हात आखडता घेऊ नका

त्या पत्राला लेओकादिओनं उत्तर दिलं नव्हतं. ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आलं होतं आणि आता ऑक्टोबर संपत आला होता. उत्तराला सुरुवात मात्र त्यानं अकरा वेळा केली. प्रत्येक वेळी 'प्रिय एनेइदा' एवढं लिहून झालं की त्याचा हात थांबायचा. एरवी कॅन्ससमधल्या त्या कत्तलखान्याच्या गावात मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेल्या निम्म्या लोकांची पत्रं तोच लिहून द्यायचा. आईला लिहायचं असो, वकिलाला असो की सोडून गेलेल्या बायकोला, माणसं त्याच्या खोलीवर येत, सांगत, आणि तो सुंदर वळणदार अक्षरात कागदावर उतरवत असे. म्हातारा, एकटा, पुस्तकांत तोंड खुपसून बसणारा माणूस. सगळे त्याला मास्तर म्हणत, पण मास्तरकी त्यानं गावी जेमतेम दोन वर्षं केली होती, आणि तीही वाईट केली असं त्याचं स्वतःचं मत होतं.

पत्र त्याला पाठ झालं होतं.

'पाद्रिनो, तुम्ही बरे आहात ना? मी बरी नाही. तिथे शाळेत मला मेक्सिकन म्हणायचे, इथे सगळे ग्रिंगा, म्हणजे अमेरिकन पोरगी, म्हणतात. आजी भिजवलेल्या दोरानं मारते. मारायच्या आधी ट्रंकेतून एक पत्र काढून दाखवते. म्हणते, बघ, तुझ्या बापानंच लिहिलंय, हात आखडता घेऊ नका. पण अक्षर तुमचं आहे. माझ्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकात माझं नाव तुम्हीच लिहिलंय, म्हणून मला ओळखता येतं. मला वाटलं, तुम्ही मारायला लिहिलंत, तसं थांबवायलाही लिहाल. मला सकाळी उठावंसं वाटत नाही. परवा एक कुत्रं ट्रकखाली गेलं. मला त्याचा हेवा वाटला. उत्तर शाळेत बाईंच्या नावानं टाका, घरी आजी फोडते. फोनवर बोलता येत नाही. गावातला फोन दुकानात आहे, तिथल्या कर्ण्यावरून नाव पुकारतात आणि आजी शेजारी उभी राहते.'

एनेइदा अकरा वर्षांची होती. लेओकादिओ तिचा धर्मबाप. पाण्याखाली तिचं डोकं त्यानं धरलं, त्या दिवसापासून तिचा बाप रुतिलिओ आणि तो एकमेकांचे कोंपाद्रे झाले. हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड. एकदा ते जोडलं की पूर्वीचं अरे-तुरे संपतं, भांडण संपतं, आणि दुसऱ्याच्या घरात तोंड घालणंही संपतं. लेओकादिओला हे तिसरं कलम फार सोयीचं वाटत आलं होतं.

ते पत्र त्यानंच लिहिलं होतं, हे खरं होतं.

त्याचं असं झालं. मार्चमध्ये एनेइदाच्या शाळेतून रुतिलिओला बोलावणं आलं. दुभाष्या म्हणून लेओकादिओ सोबत गेला, कारण एरवी बापाचं दुभाष्याचं काम एनेइदाच करायची आणि आज बोलणं तिच्याबद्दलच होतं. आठ वर्षांची होती तेव्हापासून ती बापाबरोबर दवाखान्यात, बँकेत, घरमालकाकडे जायची. घरमालकाशी बापाच्या वतीनं तावातावानं भांडायची, आणि घरी आल्यावर तोच बाप तिला म्हणायचा, "आवाज खाली. बापाशी बोलतेयस." शाळेतल्या बाईंनी सांगितलं, पोर जेवत नाही, डोकं बाकावर टेकून बसते, वहीत लिहिते की झोपावं आणि उठू नये. हा आजार आहे, उदासीचा आजार, लहान मुलांनाही होतो. डॉक्टरला दाखवा.

लेओकादिओनं शब्दन् शब्द सांगितला. रुतिलिओ ऐकून हसला.

"उदासी? अकरा वर्षांच्या पोरीला? मी तिच्या वयाचा असताना उसाच्या फडात होतो. उदास व्हायला वेळ कुणाला होता?" मग त्यानं विचारलं, "तुम्ही वाचणारे आहात, कोंपाद्रे. तुम्हाला काय वाटतं?"

लेओकादिओला काय वाटत होतं हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. पण त्याला आपल्या गावाची, एल साबिनोची आठवण आली, ओढ्याकाठची झाडं, पहाटेचा धूर. तो म्हणाला, "गावची हवा मानवेल कदाचित."

एवढंच. त्या एका वाक्यानं पोरीचं तिकीट निघालं. बिघडलेलं पोर गावी आजीकडे धाडायचं आणि सरळ होऊन आलं की परत आणायचं, हे तिथल्या प्रत्येक घरात कधी ना कधी घडलेलं होतं. रुतिलिओनं आईला पत्र सांगितलं आणि लेओकादिओनं ते लिहिलं. 'पोर हट्टी झाली आहे. मार खाऊनही रडत नाही. आपली समजून वागवा. हात आखडता घेऊ नका.' शेवटचं वाक्य लिहिताना तो अडखळला होता. पण अडखळून लिहिलं, म्हणून ते पुसट थोडंच उमटलं!

रडत नाही, हे मात्र खरं होतं. लेओकादिओनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या वर्षी गाववाल्या चोनच्या आवारात डुक्कर कापलं, तेव्हा रक्ताच्या पातेल्याशी एनेइदाला बसवलं होतं. रक्त गोठू नये म्हणून हातानं ढवळत राहायचं, हे काम पोरींचं. रुतिलिओनं सुरी खुपसली, डुकराच्या किंकाळीनं कुत्री पळाली, रक्ताची धार पातेल्यात पडू लागली. पोरीनं कोपरापर्यंत हात घातला आणि थोड्या वेळानं ढवळणं थांबवलं. हात तसाच आत. डोळे उघडे. रक्ताला साय धरली, गुठळ्या झाल्या, तिच्या दंडावर माश्या बसल्या, तरी ती हलेना.

"पोरगी झोपली की काय?" चोन हसला.

रुतिलिओनं तिला दंडाला धरून उचललं आणि पट्टा काढला. सगळ्यांसमोर. पहिल्या तडाख्याला ती वाकली. दुसऱ्याला, तिसऱ्याला उभी राहिली, आणि बापाच्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी बघत राहिली. हात कोपरापर्यंत लाल. प्रत्येक तडाख्याबरोबर रुतिलिओच जास्त चिडत गेला. "रड की! रड ना!" तो ओरडत होता, आणि शेवटी त्याचाच आवाज फुटला. तेरा तडाखे. लेओकादिओनं मोजले होते. मोजण्यापलीकडे त्यानं काही केलं नव्हतं.

आता पुन्हा तेच आवार आणि पुन्हा डुक्कर. एनेइदाचा धाकटा भाऊ आमादोर तीन वर्षांचा झाला होता. तीन वर्षांचं मूल देवळात नेऊन देवासमोर उभं करायचं आणि नंतर जेवण घालायचं, अशी रीत. शनिवारी सकाळी माणसं जमली. डुक्कर केव्हाच पडलं होतं. त्याच्यावर उकळतं पाणी ओतून, सुऱ्यांनी केस खरवडून, फाडून, तुकडे करून झाले होते. तांब्याच्या मोठ्या कढईत चरबी खदखदत होती. चोन होडीच्या वल्ह्याएवढ्या लाकडी उलथण्यानं मांस वरखाली करत होता. रक्ताचं पातेलं या वेळी ओब्दुलिया, पोरीची आई, ढवळत होती. तिचं तोंड सुजल्यासारखं दिसत होतं. ते रडून होतं की मारानं, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

"या मास्तर!" चोन ओरडला. "पुस्तक आणलंय की काय खिशात? फुगलाय खिसा!"

खिशात पत्र होतं. लेओकादिओनं रात्रभर ठरवलं होतं की रुतिलिओला बाजूला घ्यायचं, हळू बोलायचं. तो त्याच्याजवळ गेला. रुतिलिओ सुऱ्या धुवत होता. कत्तलखान्याच्या लाइनवर तेरा वर्षं सुरी चालवून त्याची बोटं आकड्यांसारखी वळली होती. सकाळी ती उघडायला त्याला गरम पाण्याच्या बादलीत हात घालून बसावं लागे.

"कोंपाद्रे, जरा बोलायचं होतं. एनेइदाचं."

"आज नाही. आज पोराचा दिवस आहे."

"तिचं पत्र आलंय. तुमच्या आई तिला..."

"आई मलाही मारायची." रुतिलिओनं सुरी फडक्याला पुसली. "मेलो का मी? बिअर घ्या, कोंपाद्रे. तुम्ही घेत नाही. मग कॉफी घ्या."

माणसं हसली. लेओकादिओही, लाज वाटून, थोडासा हसला. आणि ते हसू तोंडावर असतानाच त्याला वाटलं, आता जर आपण कॉफी घेतली तर ती पोर मेली.

त्यानं पत्र काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

त्याचा आवाज पातळ होता. पहिल्या ओळी कुणाला ऐकूच आल्या नाहीत. मग चोननं उलथणं चालवणं थांबवलं. 'भिजवलेल्या दोरानं' या शब्दांशी ओब्दुलियानं मान वर केली.

"पुरे," रुतिलिओ म्हणाला.

"ते पत्र मी लिहिलंय," लेओकादिओ सगळ्यांना सांगू लागला, कारण आता थांबता येत नव्हतं. "हात आखडता घेऊ नका, हे माझं अक्षर आहे. म्हातारी तेच दाखवते आणि..."

"पुरे म्हटलं ना!"

"पुढे वाचा," ओब्दुलिया म्हणाली.

त्यानं कुत्र्याचं वाचलं. ट्रकचं, आणि हेव्याचं. तेवढ्यात रुतिलिओनं कागद हिसकला, चुरगळला आणि कढईखाली जाळात टाकला. कागद लगेच पेटला.

पुढचं कसं झालं ते लेओकादिओला नंतर नीट सांगता आलं नाही. चोनच्या हातातलं उलथणं त्याच्या हातात आलं होतं एवढं खरं. सत्तरीला टेकलेल्या, जन्मात कुणावर हात न उगारलेल्या त्या माणसानं ते दोन्ही हातांनी उचलून कोंपाद्रेच्या तोंडावर हाणलं. हाड वाजलं. रुतिलिओच्या नाकातून रक्त उसळलं आणि गरम चरबीचे थेंब दोघांच्या अंगावर उडाले.

"तू मारतोस तिला!" लेओकादिओ किंचाळला. "तू इथून मारतोस! माझ्या हातानं!"

रुतिलिओनं आधी नाकाला हात लावून पाहिला. मग त्यानं म्हाताऱ्याला एका धक्क्यात पाडलं. बुटाची लाथ बरगड्यांत बसली. एकदा, पुन्हा, आणि तिसऱ्यांदा. श्वास आत जाईना. चोन "अरे, अरे, मास्तर आहे तो!" असं ओरडत मध्ये पडला आणि कोपर खाऊन बाजूला झाला. रुतिलिओचा हात सवयीनं कमरेशी गेला. पट्टा निघाला. पहिला तडाखा लेओकादिओच्या कानावर बसला, दुसरा मानेवर. मातीत तोंड खुपसून पडल्या पडल्या लेओकादिओला जाणवलं की आपल्याला रडू येत नाहीये. दुखतंय फार, पण रडणं जिथून निघतं ती जागाच बंद आहे. पोरीला असंच होत असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

तिसरा तडाखा पडला नाही. ओब्दुलियानं लांब दांड्याचा पळा कढईत बुडवला, भरून काढला, आणि नवऱ्याच्या उगारलेल्या हातावर उकळती चरबी ओतली.

तो ज्या आवाजात ओरडला, तसा आवाज सकाळी डुकरानंही काढला नव्हता. पट्टा पडला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पांढरी झाली आणि सुटली. आमादोर नव्या पांढऱ्या कपड्यांत दारात उभा होता. तो रडायला लागला, आणि मग सगळी हलली. कुणी बादली आणली, कुणी ट्रक काढला. ओब्दुलिया पळा हातात धरून तशीच उभी होती. कोपरापर्यंत तिचा हात पातेल्यातल्या रक्तानं लाल होता.

"तीन महिने," ती लेओकादिओला म्हणाली. "तीन महिने ते पत्र तुमच्याकडे होतं."

लेओकादिओ बरगड्या धरून मातीत उठून बसला.

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. कसं झालं असं विचारल्यावर रुतिलिओनं सांगितलं, घसरलो. म्हाताऱ्याचं काय, तर तोही घसरला. नर्स म्हणाली, त्या आवारात फारच घसरण दिसते. लेओकादिओच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. तीन आठवडे प्रवास नाही, वजन उचलणं नाही, असं डॉक्टरनं बजावलं.

चौथ्या दिवशी ओब्दुलिया त्याच्या खोलीवर आली. बसली नाही. पिशवीतून तिनं एनेइदाचा जन्मदाखला काढून टेबलावर ठेवला.

"त्यांच्या पेटीतून घेतलाय. मला जाता येत नाही, माझे कागद नाहीत. गेले तर परत येता येणार नाही, मग धाकट्याचं कोण बघणार? तुमचे आहेत."

"जातो," लेओकादिओ म्हणाला. त्यानं दाखला उचलून पाहिला. "पण कोमाद्रे, तुमच्या सासूबाई, दोन्या एर्मिनिया, तिला माझ्या हवाली करतील? मुलाचं पत्र मागतील."

"मग त्यांच्याकडून घ्या."

"ते देतील?"

"मी कसं सांगू? मी फक्त चरबी ओतू शकते," ओब्दुलिया म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं की आणखी काही, ते कळलं नाही.

तो एकेक पाऊल मोजत रुतिलिओच्या घरी गेला. रुतिलिओ सोफ्यावर होता. नाकावर पट्टी, उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत गुंडाळलेला. कत्तलखान्यानं त्याला घरी बसवलं होतं. तो हात पुन्हा सुरी धरेल का, हे डॉक्टर सांगत नव्हता. टीव्ही चालू होता, इंग्रजीत, आणि तो बघत होता.

"आलात?" तो म्हणाला. "उलथणं कुठंय?"

"चोनकडे."

"तुम्ही मारलंत त्याचं काही नाही. पण ते वाचलंत. सगळ्यांसमोर."

"तुम्ही एकट्यानं ऐकलं नसतंत."

रुतिलिओनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग टीव्हीकडे बघतच म्हणाला, "तिनं रडायला हवं होतं, कोंपाद्रे. एकदा जरी रडली असती ना, मी थांबलो असतो. देवाशपथ थांबलो असतो. मला वाटायचं, ही माझ्याकडे बघत कशी नाही? मी मारतोय आणि मी इथं नाहीच, असं तोंड. तिकडं कामावर सुपरवायझर तसाच बघतो. माझ्यातून पलीकडे."

"रडणं बंद झालं, तोच आजार होता," लेओकादिओ म्हणाला. "शाळेतल्या बाई तेच सांगत होत्या. मी शब्द सांगितले तुम्हाला. त्यांचा अर्थ मलाही कळला नव्हता."

"आणि आता कळला?"

"थोडा. मातीत पडल्यावर."

रुतिलिओनं नाकातून हवा सोडली. हसायला गेला असावा, पण नाक दुखलं.

लेओकादिओनं खिशातून कागद काढला. दोन्या एर्मिनियाला लिहिलेल्या त्या पत्रात चारच ओळी होत्या. पोरीवर हात उचलू नये. तिला लेओकादिओच्या हवाली करावं. आधीचं पत्र चुकीचं होतं, ते जाळावं. खाली सहीची जागा मोकळी होती. "नाही केलीत तरी मी जाणार आहे," तो म्हणाला, पण ते वाक्य त्याला स्वतःलाच खरं वाटलं नाही.

रुतिलिओनं पत्र दोनदा वाचलं. ओठ हलवत, सावकाश. "आईला हे वाचून कुणीतरी दाखवावं लागेल. ती म्हणेल, मुलगा बायल्या झाला."

"म्हणू दे."

"तुमचं काय जातं!" तो चिडला, उठायला गेला, हाताला धक्का लागला आणि कळवळून पुन्हा बसला. स्वयंपाकघरात ओब्दुलियाच्या हातातलं भांडं थांबलं. रुतिलिओनं त्या दाराकडे पाहिलं. मग डाव्या हातानं पेन मुठीत धरलं, शाळेतल्या पोरासारखं, आणि कागद फाटेल इतक्या जोरानं आपलं नाव ओढलं. अक्षरं वेडीवाकडी आली.

"आणल्यावर ती इथं राहणार नाही," लेओकादिओ म्हणाला. हे त्यानं ठरवून आणलेलं नव्हतं. "आधी माझ्याकडे राहील. डॉक्टरला दाखवेन. तुम्ही पट्टा न घालता भेटायला यायचं."

"विजार खाली पडेल," रुतिलिओ म्हणाला. लेओकादिओ हसला नाही, आणि मग रुतिलिओनं मान खाली घातली.

त्या संध्याकाळी लेओकादिओ बाराव्यांदा लिहायला बसला. बरगड्यांमुळे वाकता येत नव्हतं, म्हणून पुठ्ठा मांडीवर घेतला. या वेळी 'प्रिय एनेइदा'शी हात थांबला, पण त्यानं तो पुढे ढकलला.

'तुझं पत्र ऑगस्टमध्ये मिळालं. मी उत्तर दिलं नाही, कारण मी घाबरलो. तू ओळखलंस ते बरोबर आहे, अक्षर माझं आहे. ते वाक्य तुझ्या वडिलांचं होतं, पण मी ते लिहायला नको होतं. तुझ्या आजीला दुसरं पत्र पाठवलं आहे, त्यावर तुझ्या वडिलांची सही आहे. डाव्या हाताची आहे, पण त्यांचीच आहे. तेवीस नोव्हेंबरच्या आसपास मी बसनं एल साबिनोला येतो आणि तुला घेऊन जातो. तुझा जन्मदाखला माझ्याकडे आहे. तोवर सकाळी उठावंसं वाटलं नाही तर उठू नकोस, पण बाईंना तसं सांग. तुला काही झालेलं आहे, तू वाईट नाहीस. मला तू लिहीत राहा. मी उत्तर देईन.'

शेवटचं वाक्य त्याला खोटं वाटलं. त्यानं ते खोडायचा विचार केला, आणि तसंच ठेवलं.

सकाळी पोस्टात दोन पाकिटं घेऊन तो उभा राहिला. त्याच्या पुढच्या माणसाचं काम झालं. खिडकीतल्या बाईनं पाकिटं तोलली आणि म्हणाली, साध्या टपालानं दोन-तीन आठवडे, जलद हवं तर जास्त पडतील. लेओकादिओनं जलद सांगितलं. श्वास घेताना दुखत होतं, म्हणून त्याला ते दोनदा सांगावं लागलं. बाईनं तिकिटं चिकटवली, शिक्के मारले. आजीचं पाकीट तिनं मागच्या पिशवीत टाकलं. एनेइदाचं, शाळेतल्या बाईंच्या नावाचं, टाकण्याआधी ती पत्ता वाचायला थांबली, आणि तेवढा वेळ लेओकादिओचा हात खिडकीवर तसाच पुढे केलेला होता, जणू ते परत मागायचं होतं. मग तेही पिशवीत पडलं.